हिंगोलीच्या धक्क्यानं भिंतीला भेग : वर स्लॅब टाकावा की नाही?

तुरीच्या_शेंगा | १० जुलै २०२४, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

आज सकाळी सव्वासातला हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला, ते वाचलंच असेल. आमचं गाव रिसोड तालुक्यात, हिंगोलीच्या शिवेला लागून. मी पुण्यात, आई-बाबा गावी. बाबा सांगत होते, मांडणीवरची भांडी वाजली, मागच्या खोल्यांची टिनं थरथरली आणि सगळी आळी रस्त्यावर आली. मार्चच्या २१ तारखेला पहाटे सहाच्या सुमारास असेच लागोपाठ दोन बसले होते.

घर आजोबांच्या वेळचं. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दीड-दोन हात जाड भिंती. पुढच्या भागावर धाबं (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत), मागच्या दोन खोल्यांवर टिनं. आज स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरपी गेलेली भेग दिसली. आई म्हणते आजचीच आहे. बाबा म्हणतात गेल्या वर्षापासून आहे, तुझं लक्ष नव्हतं. दोघांचं सकाळपासून हेच चाललंय.

खरी अडचण पुढे आहे. दिवाळीनंतर टिनं काढून स्लॅब टाकायचा आणि वर दोन खोल्या काढायच्या असं ठरलंय, धाकट्या भावाचं लग्न आहे. गावातला ठेकेदार म्हणतो, "या भिंतीले काय होते, दोन माळे चढवा बिनधास्त."

तर, भेग भूकंपाची की आणखी कशाची, हे घरच्या घरी कसं कळतं? आणि अशा भिंतींवर स्लॅब टाकावा का? "घर विका, शहरात न्या" हे सल्ले कृपया नकोत, बाबा येणार नाहीत.

सावजी_झणझणीत | रात्री ९:३१

आईचं बरोबर आहे. पुढचा प्रश्न?

शंकासुर | रात्री ९:४८

विदर्भाचा बहुतेक भाग भूकंपाच्या नकाशात झोन दोनमध्ये आहे, म्हणजे सगळ्यात खालच्या. ४.५ च्या धक्क्यानं धड बांधलेलं घर पडत नाही. गेल्या शंभर वर्षांत आपल्याकडं भूकंपानं किती घरं पडली ते सांगा, मग बोलू. पुरानं, विजेनं आणि पावसात भिंत खचून माणसं मरतात, त्यावर धागा नाही निघत. आता हे वाचून कुणीतरी "भूकंपरोधक घरं बांधून मिळतील" असा बोर्ड लावणार, बघा.

काळी_कसदार | रात्री १०:०५

भाऊ, भूकंपाचं नाव उगाच बदनाम नका करू. काळ्या मातीतलं घर हाय ना? मंग भेग पडनारच. उन्हाळ्यात वावरातल्या भेगेत हात कोपरापर्यंत जाते, थेच माती घराखाली हाय. पानी पडलं का फुगते, मे महिन्यात आकसते. आमच्या घराची भेग अक्षय तृतीयेले दिसते अन् पोळ्याले गायब. तुमच्या बाबाले इचारा, उन्हाळ्यात होती का, पावसात मिटली का. मिटत असन तर निवांत झोपा.

(यवतमाळ जिल्हा, पुसदच्या अलीकडं. सकाळी आम्हालेबी जानवला, पन मी गोठ्यात होतो. वाटलं बैलानं खुटा ओढला.)

ओळंबा | रात्री ११:२०

कसदारभाऊंचा मुद्दा पक्का आहे. आपल्याकडच्या भेगांचं पहिलं कारण काळी माती, दुसरं पाया मुरमापर्यंत न नेणं. पण त्यांच्याच हिशेबानं बघा : आज १० जुलै. माती भिजून फुगलेली आहे. या दिवसांत जुनी भेग मिटायला हवी. उघडली असेल तर बघायला हवं.

तुरीच्या शेंगा, घरच्या घरी करता येईल असं सांगतो.

बॅटरी घेऊन भेगेच्या आत बघायला सांगा. स्वयंपाकघर आहे हे बरंच झालं. भेग जुनी असेल तर आत धूर बसलेला असतो, चुन्याचा हात गेलेला असतो, कोळ्याचं जाळं असतं. नवीन भेगेच्या कडा धारदार असतात आणि आतली माती ताज्या रंगाची दिसते. आई-बाबांचा वाद पाच मिनिटांत मिटेल.

मग आकार. पाया एका बाजूला खचला की भेग तिरपी जाते आणि एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला बारीक असते. भूकंपात भिंत दोन्ही दिशांना ढकलली जाते. म्हणून दोन खिडक्यांच्या मधल्या भागात फुलीसारख्या भेगा पडतात, किंवा कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींपासून सुटून उभी भेग जाते, किंवा छताच्या खाली आडवी. नुसती एक तिरपी भेग, तीही खिडकीच्या कोपऱ्यातून, हे भूकंपाचं खात्रीचं लक्षण नाही. कारण काहीही असलं तरी ताण खिडकीच्या कोपऱ्यातच साठतो.

भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भेग अजून चालू आहे.

आणि हे सगळं झाल्यावर भेग विसरून भिंतीला पोट सुटलंय का ते बघा. वरून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा. मधे भिंत बाहेर आली असेल, ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर तिथं धोका आहे. भेग सगळ्यांना दिसते म्हणून लोक तिला घाबरतात. पोट कुणी मोजत नाही.

स्लॅबचं उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

उमा_बुलढाणा | ११ जुलै, सकाळी ७:०२

धाब्याचं घर म्हटलं की मला १९९३ आठवतं. ३० सप्टेंबर, पहाटे चारच्या आसपास. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले. आम्हाला इतक्या लांब मेहकरकडे पलंग हलल्यानं जाग आली. सकाळी रेडिओवर किल्लारी, सास्तूर ही नावं पहिल्यांदा ऐकली. आमच्या वडिलांनी त्या वर्षी धाब्यावर एक टोपलं माती टाकू दिली नाही. आजी फार चिडली होती, पावसाळ्यापूर्वी पांढरी टाकायची रीत मोडली म्हणून. पुढच्या पावसात घर गळलं ते वेगळं!

शंकासुर | सकाळी ८:४०

उमाताई, किल्लारी मराठवाड्यात. तो अपवाद आहे. अपवादावरून घर बांधायचं तर विमान पडेल म्हणून छताला जाळी पण लावा.

ओळंबा | सकाळी १०:१५

शंकासुर, किल्लारीचा भाग १९९३ साली झोन एकमध्ये होता. म्हणजे तेव्हाच्या नकाशात सगळ्यात निर्धोक. तिथं ६.२ चा झाला आणि आठ-दहा हजार माणसं गेली. २००२ साली झोन एकच रद्द करून दोनमध्ये मिसळला, लातूरचा तो पट्टा तीनमध्ये गेला. आपल्याकडेही सातपुड्याच्या बाजूची पट्टी तीनमध्ये आहे. झोन दोनचा अर्थ "होणार नाही" असा नाही. हिशेबात जोर कमी धरायचा, इतकाच. भूकंपासाठीच्या २०१६ च्या भारतीय मानकात दोनला ०.१० आणि तीनला ०.१६ हा गुणक आहे. शून्य कुणालाच नाही.

तुमची अर्धी बाजू मात्र मी मान्य करतो. ४.५ आणि ६.२ मध्ये ऊर्जेचा फरक साडेतीनशे पटीच्या आसपास आहे. कालच्या धक्क्यानं हाहाकार होणार नव्हताच.

आता किल्लारीत घरं का पडली ते. त्यानंतर मी त्या भागात दुरुस्तीच्या कामावर होतो, नोकरीत नवाच. जवळून बघितलेलं आहे. भिंती जाड होत्या, आपल्यासारख्याच. पण ती जाड भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात. बाहेरचं तोंड घडीव दगडाचं, आतलं तोंड वेगळं, आणि मधे गोटे-माती भरलेली. दोन्ही तोंडांना बांधणारा, पूर्ण जाडीचा आरपार दगड गवंड्यानं घातलेलाच नसतो. मातीत पाणी मुरलं की सांधा सुटतो. जमीन हलली की मधली भर खाली बसते, तोंडं बाहेर ढकलते, पोट सुटतं आणि भिंत दोन्हीकडे फुटते. झोपलेला माणूस आतल्या तोंडाखाली सापडतो.

कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा खण तसाच उभा होता आणि चारी बाजूंच्या भिंती जमिनीवर. हे दृश्य तिथं गेलेल्या प्रत्येकानं पाहिलं. लाकडाला लवचीकपणा आहे, सांधे थोडे फिरतात. दगड-मातीला तो नाही.

त्यात वरचं ओझं. दहा बाय दहाची खोली, दीड फूट मातीचं धाबं : दीडशे घनफूट माती, घनफुटाला ४५ किलो, म्हणजे पावणेसात टन डोक्यावर. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात लागतो. जितकं जड, तितका धक्का मोठा.

सावजी_झणझणीत | सकाळी १०:२२

पावणेसात टन! आमच्या मामाकडच्या धाब्यावर तर वरून वाळवणं, सोयाबीनचे कट्टे आणि उन्हाळ्यात झोपलेले सोळा जण वेगळे.

तुरीच्या_शेंगा | दुपारी १:३०

ओळंबा काका, मनापासून आभार. बाबांनी बॅटरी लावून बघितलं. भेगेचा खालचा अर्धा भाग आतून काळा, धुरकट. वरचा हातभर स्वच्छ, पिवळी माती. म्हणजे जुनी भेग काल वर सरकली. आई आणि बाबा दोघंही आपणच जिंकलो असं म्हणताहेत.

पण कोठीच्या खोलीच्या मागच्या भिंतीला पोट आहे. न्हाणीचं पाणी वर्षानुवर्षं तिथंच मुरतं. ओळंबा सोडला तर मधे चार बोटं बाहेर आहे. बाबा म्हणाले, "ते तर पहिलेपासून आहे", आणि विषय संपवला.

खाणीकाठचा | दुपारी २:१०

वणीच्या बाजूचा आहे. आमच्याकडं भूकंप रोज दुपारी येतो, भोंगा वाजवून. उघड्या कोळसा खाणीचं ब्लास्टिंग. खिडक्या खणाणतात, प्लास्टर पडतं. तक्रार केली की उत्तर ठरलेलं : भेगा काळ्या मातीच्या आहेत. कसदारभाऊ, तुमची माती यांना फार उपयोगी पडते.

ज्यांना हा त्रास आहे त्यांच्यासाठी. खाण सुरक्षा महानिदेशालयाची मर्यादा ठरलेली आहे. गावातल्या साध्या घरांजवळ जमिनीच्या कंपनाचा वेग कमी वारंवारतेला सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झला १०, त्यावर १५. मोजायचं यंत्र आपल्या घराच्या पायाशी लावायला सांगा, खाणीच्या कुंपणाशी नाही. ग्रामपंचायतीचा ठराव करून मागा. एकट्या माणसाच्या अर्जाला कुणी विचारत नाही. आणि ब्लास्टिंगची वेळ, तारीख, भेगेची लांबी वहीत लिहून ठेवा. ओळंबा काकांची काचेची पट्टी मी आजच लावतो.

काळी_कसदार | दुपारी २:२५

माती आमची, कोयसा त्याईचा, अन् भेग आपली. हाव, बरोबर हाय.

मेळघाटी_मध | दुपारी ४:०५

धारणीकडच्या साद्राबाडीची कुणाला आठवण आहे का? ऑगस्ट २०१८. दिवसरात्र जमिनीखालून गडगडाट आणि बारीक धक्के. लोक पावसात बाहेर झोपले. तज्ज्ञ आले, यंत्रं बसवली. छोट्या छोट्या धक्क्यांची मालिका होती. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कुडाच्या घरातली माणसं लवकर घरात परतली, विटांची पक्की घरं ज्यांनी नवीन बांधली होती ती जास्त दिवस बाहेर. कोरकू घरं हलकी असतात, पडली तरी अंगावर डोंगर पडत नाही.

सावजी_झणझणीत | दुपारी ४:१८

भूकंपाआधी कुत्रे रडतात म्हणतात ते खरं का? आमच्या गल्लीतले रोज रडतात. त्या हिशेबानं नागपूर आतापर्यंत सपाट व्हायला पाहिजे होतं.

उमा_बुलढाणा | दुपारी ४:४०

कुत्र्यांचं माहीत नाही. त्या पहाटे आमची म्हैस मात्र शांत रवंथ करत होती. तिला काही फरक पडला नाही.

वैनगंगा | संध्याकाळी ६:३०

गडचिरोलीहून. मध भाऊंशी सहमत. आमच्या झाडीपट्टीत बांबूचा कूड, वर शेणमातीचा लेप, फाटे आणि कवेलू. भिंतीचं वजनच नाही. पण आता घरकुल योजनेत पक्कं घर मिळतं तर कूड कोण ठेवेल? सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, किमान २५ चौरस मीटरचं घर बांधायचं. त्या पैशांत लोक विटांच्या भिंती उभ्या करतात आणि वर स्लॅब टाकला की संपलं. पैसे पायरीपर्यंत पुरले तरी खूप.

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेचा व्हरांडा बारीक खांबांवर आहे आणि छत जड. मुलं मधल्या सुट्टीत तिथंच असतात. धक्का बसला तर बाकाखाली जायचं हे शिकवतो, पण व्हरांड्यात बाक नाही. यावर कुणी सांगेल का?

मिस्त्री_नंबर_एक | रात्री ८:१५

मी पेशानं मिस्त्री हावो, कारंजा लाडकडं काम करतो. मोबाईलवर लिहून रायलो, चुका माफ करजा.

ओळंबा साहेब म्हनते थे आरपार दगड आमच्या बाबाच्या वक्ती टाकत होते. मंग मालक म्हने येवढा लांब दगड काऊन वाया घालवता, घडाई जास्त लागते. बंद झालं.

घरकुलाचं बोलता तर लिंटेल पहा, म्हंजे खिडकी-दारावरची काँक्रीटची आडवी पट्टी. आम्ही खिडकी-दाराच्या वरतीच लिंटेल टाकतो, दोन्हीकडं सहा इंच आत. मालकाले म्हटलं का लिंटेल पूर्ण घराले फिरवू, तं म्हनते मिस्त्री तुले सळाखीचं कमिशन हाय काय? आता सांगा. तेच पैसे मंग दर्शनी भागाच्या डिझाइनच्या टाइल्सले देते.

ओळंबा | रात्री १०:५०

मिस्त्रीभाऊंनी लाख मोलाचं लिहिलं. नवीन विटांच्या घरात एकच गोष्ट करायची असेल तर ती हीच : लिंटेलचा पट्टा चारी भिंतींवरून सलग फिरवा. तीन इंच जाड, दोन सळया, सहा-सहा इंचांवर आडव्या कड्या. कोपऱ्यात सळई तोडायची नाही, वळवून पुढच्या भिंतीत न्यायची. असाच एक पट्टा जोत्याला. जोत्याचा पट्टा काळ्या मातीतही कामाला येतो, म्हणजे कसदारभाऊंच्या भेगाही कमी होतील. चारी भिंती एकत्र बांधल्या गेल्या की एकटी भिंत बाहेर पडत नाही. शिवाय कोपऱ्यात उभी सळई, आणि खिडकी-दार कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब.

शंकासुर म्हणतील खर्च. सळई आणि काँक्रीट थोडंच लागतं, आणि तुकड्या-तुकड्यांचं लिंटेल तर तुम्ही टाकतच होतात.

ज्यांची घरं कॉलमवर आहेत त्यांनी कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा बघा. रिंगचं टोक काटकोनात वाकवून सोडलं तर धक्क्यात बाहेरचं काँक्रीट निघतं, रिंग उघडते, सळया फाकतात. टोक आत, गाभ्याकडे, १३५ अंशांत वळवा. आणि तालुक्याच्या गावी हल्ली खाली शटरची दुकानं किंवा नुसते पिल्लर, वर दोन माळे घर, अशी फॅशन आहे. २००१ साली भूजच्या भूकंपात दोनशेहून जास्त किलोमीटर दूर अहमदाबादेत अशाच, खालचा मजला मोकळा असलेल्या इमारती बसल्या.

आता मूळ प्रश्न, स्लॅबचा. इथं मला ठेकेदारापेक्षा वेगळं आणि काही सभासदांपेक्षाही वेगळं म्हणायचंय. पाच इंची स्लॅब दहा बाय दहाला सुमारे तीन टन भरतो, म्हणजे धाब्यापेक्षा हलका! त्यामुळे "स्लॅब जड म्हणून नको" हे धाब्याच्या बाबतीत खरं नाही. पण तुम्ही टिनं काढून स्लॅब टाकताय, जिथं आज काहीच वजन नाही. आणि त्यावर खोली. नऊ इंची विटांची दहा फूट लांब, नऊ फूट उंच एक भिंत साडेतीन टनांच्या पुढे जाते. अशा चार. वर दुसरा स्लॅब. वीस टन तुम्ही मातीत रचलेल्या, पोट सुटलेल्या भिंतीवर चढवणार. धक्का न बसताही मी या भिंतीला हे करणार नाही. "दोन माळे चढवा" हे उत्तर चुकीचं आहे.

शंकासुर | १२ जुलै, सकाळी ९:००

वरचा माळा नको, यात मी ओळंबांच्या बाजूनं आहे. पण त्याचं कारण न्हाणीचं पाणी आणि माती. भूकंप त्यात ओढून आणलेला आहे. भूकंप जगात नसता तरी ती भिंत पडणारच होती.

ओळंबा | सकाळी ९:२०

चालेल. तुमच्या कारणानं करा, पण करा.

पुणेरी_वऱ्हाडी | सकाळी १०:१०

पंचनाम्याचं कुणी लिहिलं नाही. तलाठ्याला कळवलं का? भरपाई मिळते ना?

उमा_बुलढाणा | सकाळी ११:३५

भूकंप ठरवून दिलेल्या आपत्तींमध्ये आहे, पण केसासारख्या भेगेला काही मिळत नाही. अंशतः पडझड धरायला किमान १५ टक्के नुकसान लागतं. त्यात पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार हजार. पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार. तरी कळवून ठेवावं. पुढं मोठा धक्का बसला तर आधीची नोंद उपयोगी पडते. राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर "धक्का जाणवला" असा अर्जही भरता येतो. मी भरला. दोन मिनिटांचं काम आहे.

शंकासुर | दुपारी १२:०२

चार हजारांत पंचनाम्याला आलेल्यांचा चहाही निघत नाही.

संपादक | दुपारी १२:३०

सरकारी मदतीवरचे राजकीय प्रतिसाद उडवले आहेत. विषयावर राहा.

तुरीच्या_शेंगा | दुपारी ३:१५

काका, माळा रद्द करायला बाबा तयार झाले, अर्धे. भावाच्या खोल्यांचा प्रश्न तसाच आहे. आणि पोट सुटलेल्या भिंतीचं काय? पाडून नवीन बांधायची की तशीच सांभाळता येते?

ओळंबा | संध्याकाळी ७:४०

किल्लारीनंतर हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. काही गावं उठवून नव्या जागी वसवली, पण कितीतरी गावांत जुनी घरंच जागेवर मजबूत करायची होती. रुडकीचे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांनी सांगितलेली पद्धत तिथं वापरली गेली. आजही तीच चालते.

पोट ज्या भागाला आहे तेवढा भाग उतरवून पुन्हा रचा. आधी छताला टेकू द्या. हे विसरून केलं तर माणूस मरेल. रचताना दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर आरपार दगड. लांब दगड मिळाला नाही तर काँक्रीटचा ठोकळा किंवा टोकं वाकवलेली सळई. मातीऐवजी सिमेंटच्या मालात. नवीन दगडी भिंत असेल तर जाडी दीड फुटाच्या वर नेऊ नका. जास्त जाड केली की मधे भर येतेच.

बाकीची भिंत चांगली असेल तर ती पाडायची गरज नाही. साधारण मीटरभर अंतरावर, एकाआड एक, हळूच दगड काढून आरपार भोक करायचं. पहार जोरात मारायची नाही, धक्क्यानं बाजूचं सुटतं. भोकात दोन्ही टोकांना आकडा असलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधली गेली. मग दारं-खिडक्यांच्या वर, चारी बाजूंनी, प्लास्टर खरवडून सुमारे दहा इंच रुंद वेल्डेड जाळी ठोकायची आणि एकास तीनच्या (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) मालानं बुजवायची. झाला पट्टा. कोपऱ्यात जाळी वळवून न्या.

धाब्यावरची जुनी माती थरावर थर साचलेली असते. ती उतरवा. लाकडी खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं लोखंडी पट्ट्या बोल्टनं कसा, तिरपे आधार द्या.

या सगळ्यात न्हाणीचं पाणी आधी बंद करा. ते चालू राहिलं तर पुढचं काही टिकणार नाही. आणि काम सुरू करण्याआधी एखाद्या स्थापत्य अभियंत्याला घर प्रत्यक्ष दाखवा. मी लिहितोय ते फोटोसुद्धा न बघता.

वैनगंगा ताई, तुमचं विसरलो नाही. व्हरांड्याच्या खांबांना वरच्या टोकाला जोडणारी तुळई आहे का, आणि ती मुख्य भिंतीत अडकवलेली आहे का, ते बघा. नुसती टेकलेली असेल तर बांधकाम विभागाला लेखी कळवा. तोवर मुलांना धक्क्यात व्हरांड्यातून मैदानाकडे काढायचं, वर्गाकडे नाही. वर्गात असतील तर हालचाल थांबेपर्यंत बाकाखाली.

मिस्त्री_नंबर_एक | रात्री ९:०५

जाळीचं काम मी एका जागी केलं हाय. खिळे दगडात जात नाई, सांध्यात मारा लागते. अन् सांधा आधी पान्यानं धुवून सिमेंट भरा, नाई तं खिळा हातात येते.

काळी_कसदार | ४ डिसेंबर २०२४, सकाळी ८:१०

धागा वर काढून रायलो. आज सकाळी साडेसातच्या आसपास पुन्हा! वैनगंगा ताई, बऱ्या हाय ना?

वैनगंगा | सकाळी ९:४५

बरे आहोत सगळे. तेलंगणातल्या मुलुगूला ५.३ चा झाला म्हणे. इकडे चांगलाच जाणवला, पलंग सरकल्यासारखा वाटला. शाळा भरायच्या आधी झाला हे नशीब. व्हरांड्याची तुळई भिंतीवर नुसती टेकलेलीच निघाली होती, ऑगस्टमध्ये लेखी दिलं. मोजमाप करून गेले आहेत, काम अजून नाही. आज पुन्हा पत्र देते, या धक्क्याची तारीख घालून.

शंकासुर | सकाळी १०:३०

५.३ झाला आणि आपल्याकडं एक घर पडलं नाही. नोंद घ्यावी.

सावजी_झणझणीत | सकाळी १०:३३

शंकासुर घराबाहेर पडून हे टाइप करत आहेत, याचीही नोंद घ्यावी.

तुरीच्या_शेंगा | रात्री ८:५०

आमच्याकडं आज काही जाणवलं नाही. पण धागा वर आलाच आहे तर सांगतो.

वाशिमहून अभियंते येऊन घर बघून गेले. माळा रद्द. मागच्या टिनाच्या खोल्या पाडल्या, तिथं भावासाठी दोन खोल्या स्वतंत्र बांधतोय. पाया मुरमापर्यंत, जोत्याला आणि लिंटेलला पूर्ण पट्टा. जुन्या भिंतीला न टेकवता मधे दोन इंच फट ठेवली, वर पत्र्याची पन्हळ. ठेकेदार या फटीवरून रुसला, म्हणाला उंदीर शिरतील. तो गेला. दुसरा मिस्त्री रिंगचा आकडा वळवायला वेळ लागतो म्हणून कुरकुरतो, पण करतो.

कोठीची भिंत उतरवली. काकांनी लिहिलं तसंच निघालं, आत नुसते गोटे आणि उंदरांची बिळं. एकही आरपार दगड नाही. रचून झाली. न्हाणी आता अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात आहे, आई त्यावर नाराज. जाळीचं काम जानेवारीत.

धाब्यावरची माती निघता निघेना. खाली आजोबांच्या, कदाचित पणजोबांच्या वेळचे थर.

काळी_कसदार | रात्री ९:०२

थे माती कुठं टाकली भाऊ? जुनी पांढरी वावरात लय कामाची. फेकू नका हो.

तुरीच्या_शेंगा | रात्री ९:१०

बाबांनी बैलगाडीनं हळदीच्या वावरात नेली. शेजाऱ्यांनी दोन गाड्या मागून घेतल्या, आता तेही आपलं धाबं उतरवायचं म्हणताहेत. भूकंपासाठी नाही, हळदीसाठी.

शंकासुर | रात्री ९:१४

हे कारण मला पटलं.